कॅसेटमधला षड्डू

मी एकदा एक कॅसेट काढली होती. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कसली? भजनांची?" आणि "नाही, आवाजांची" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर मला डॉक्टरकडे न्यावं की काय असा भाव येतो.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते, तिशी ओलांडली होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि या तीन गोष्टींपैकी तिसरीची काळजी सगळी पेठ मिळून करत होती. मस्कतला नोकरी करणाऱ्या माझ्या भावानं सुट्टीला येताना माझ्यासाठी साडी आणायची सोडून एक हातभर लांबीचा जपानी कीबोर्ड आणला. आईनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याचं पायडल कुठाय?" तिला ते शिवणयंत्र वाटलं होतं.

त्या कीबोर्डात एक गंमत होती. त्याला बोटाच्या पेराएवढा माइक होता. एक बटण दाबून त्यात सेकंद-दीड सेकंदाचा कुठलाही आवाज भरायचा, की तोच आवाज सगळ्या पट्ट्यांवर वाजायचा. वरच्या पट्टीवर बारीक आणि भरभर, खालच्या पट्टीवर जाड आणि सावकाश. मी पहिल्यांदा त्यात आईची शिंक भरली आणि तिच्यावर सारेगम वाजवून दाखवलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण मला वेड लागलं ते लागलंच.

पुढचं वर्षभर मी गावभर आवाज गोळा करत हिंडले. पहाटे कट्ट्यावर म्हशींची धार काढतात तिथं गेले. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते ती घंटेसारखी वाजते आणि चरवी भरत जाईल तसा आवाज खाली उतरतो, हे इतकी वर्षं त्या कट्ट्यावर दूध पिऊनही माझ्या कानांनी कधी टिपलं नव्हतं. मिरचीकांडपाच्या गिरणीत गेले आणि रडत परत आले. कसबा बावड्याच्या कारखान्याचा भोंगा घेतला, चपला शिवणाऱ्यांची चामड्यावरची हातोडी घेतली, गुऱ्हाळाच्या इंजिनाची धापही घेतली. आठवड्याला एकेक आवाज भरून, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, थरावर थर चढवत साठ मिनिटांची कॅसेट तयार केली. वर शाईनं लिहिलं, 'दूध, मिरची, भोंगा आणि इतर'.

त्या 'इतर'नं पुढं घोटाळा केला. इतरमध्ये एक षड्डू होता. पैलवान दंडावर किंवा मांडीवर जी थाप मारून समोरच्याला आव्हान देतो, तो. कोल्हापूरच्या आवाजांची कॅसेट काढायची आणि त्यात षड्डू नाही, म्हणजे लग्नाला जायचं आणि जेवायचं नाही. पण तालमीतल्या लाल मातीच्या हौद्यात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नसतं. मी तालमीच्या मागच्या खिडकीखाली माइक धरून तीन सकाळी उभी राहिले. पदरात पडलं काय, तर पैलवानांचे हुंकार, एक कावळा, आणि "कोण हाय रं तिकडं?" असा एक दरडावणारा आवाज. शेवटी वैतागून मी आमच्या न्हाणीत गेले, दार लावून घेतलं, दंड आखडला आणि स्वतःच्याच दंडावर ताड्‌दिशी थाप मारली. न्हाणी घुमते चांगली. आवाज इतका नामी आला की मी तोच ठेवला, आणि एका पूर्ण तुकड्यात समेवर तोच वाजवला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सेहेचाळीस किलोच्या अविवाहित मुलीनं न्हाणीत षड्डू मारला हे गावाला कळलं असतं तर कॅसेट राहिली असती बाजूला, आणि मला कायमचं नाव पडलं असतं.

चौकातल्या कॅसेटच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी मला पंचवीस प्रती काढून दिल्या. "ताई, खपतील का सांगता येत न्हाय," ते म्हणाले, "पर अशी दुसरी माझ्या दुकानात न्हाय, हे मातूर खरं."

आता आमच्या गावाचं असं आहे, की मत द्यायला माणूस तयारच बसलेला असतो. विषय मागाहून आला तरी चालतं. पहिलं परीक्षण कट्ट्यावरून आलं. ज्या दूधवाल्याच्या म्हशीची धार मी भरली होती, त्यानं कॅसेट ऐकली आणि तो थेट आमच्या दारात आला. "ताई, माझी म्हस एवढ्या सावकाश दूध देती व्हय? गिऱ्हाईक काय म्हणंल? म्हस आटली म्हणंल की!" मी खालची पट्टी वाजवली होती, म्हणून धार सावकाश पडत होती. हे मी त्याला कीबोर्डवर वाजवून दाखवलं. त्यानं वरची पट्टी दाबून पाहिली, धार भरभर पडायला लागली, तसा तो खूश झाला. "ही ठेवा," म्हणाला. "ही माझी म्हस."

आमच्या शेजारी एक आजोबा राहत, कारखान्यातून निवृत्त झालेले. भोंग्याचा तुकडा लागला तसे ते जेवता जेवता ताटावरून उठले आणि पायात चपला घालू लागले. आजीनं हाताला धरून बसवलं. कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी कॅसेट तीन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना सांगितलं, की हे परदेशात आधीच होऊन गेलेलं आहे. कव्हरची घडी मी दिली होती तशीच होती. गायनप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांनी फक्त एवढंच विचारलं, "यात गायक कुठल्या बाजूला आहेत?" आणि आईला मिरचीकांडपाचा तुकडा ऐकताना खरोखरच शिंका आल्या, एकामागून एक चार. मला मिळालेली ती सर्वांत प्रामाणिक दाद होती.

पण मला या सगळ्यांतलं कुणाचंच मत नको होतं. मला हवं होतं आप्पांचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत मास्तर होते, आणि पंचवीस वर्षं गावातल्या एका दैनिकात गाण्याच्या मैफलींवर लिहायचे. त्यांचा धाक मोठा होता. एका बाहेरगावच्या गवयाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'बुवा वेळेवर आले, सूर मात्र वाटेत कुठं तरी थांबला असावा.' ते बुवा परत कोल्हापूरला आले नाहीत. आप्पांचे नियम कडक होते. नातेवाइकांवर लिहायचं नाही, विद्यार्थ्यांवर लिहायचं नाही, आणि ज्याचा चहा प्यायला त्याच्यावर तर नाहीच नाही. म्हणून मैफलीला जाताना ते घरून थर्मास घेऊन जात. आयोजक चहाचा पेला पुढं करायचे आणि आप्पा शबनम पिशवीतून थर्मास काढून स्वतःचा चहा ओतायचे. आईला त्याची फार लाज वाटायची.

पहिली प्रत मी त्यांना दिली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "मी ऐकणार नाही."

"का?"

"ऐकलं की मत होणार. मत झालं की ते लपवता येणार नाही. तू माझी मुलगी. चांगलं म्हटलं तर लोक हसतील, वाईट म्हटलं तर तुझी आई मला जेवायला वाढणार नाही."

मी हसले, पण खोलीत जाऊन मनसोक्त रडले. सबंध वर्ष मी ती कॅसेट एकाच माणसाच्या कानासाठी केली होती, हे मला तेव्हा कळलं. तीन आठवडे ती फळीवर पडून होती. रोज केर काढताना मी तिच्यावरची धूळ पुसत असे आणि आप्पा तेव्हा हटकून वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

मग चाचांनी एके दिवशी सकाळी दुकानाच्या भोंग्यावर षड्डूचा तुकडा लावला. त्यांना तो आवडला होता, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण त्यांचं दुकान बरोबर दोन पेठांच्या शिवेवर. एका अंगाला आमची तालीम, दुसऱ्या अंगाला पलीकडची. या दोन तालमींचं फुटबॉलमध्ये पटत नव्हतं, गणपतीत पटत नव्हतं, आणि कुस्तीचं मैदान पंधरा दिवसांवर आलं होतं. अशा वेळी भर चौकात, भोंग्यावरून, दर चार सेकंदांनी एक षड्डू. आमच्या तालमीला वाटलं, पलीकडच्यांनी आव्हान दिलं. पलीकडच्यांना वाटलं, आमच्यांनी दिलं. दुपारपर्यंत दुकानासमोर दोन्हीकडचे पैलवान छाती काढून उभे. चाचांनी शटर निम्मं खाली ओढलं आणि दोन्ही वस्तादांना हात जोडून सांगितलं, "माझं काय न्हाय यात. मास्तरांच्या घरला जावा. कॅसेट तिथली हाय."

तो रविवार होता. दोन्ही वस्ताद एकाच वेळी आमचा जिना चढून वर आले. आमच्या तालमीचे वस्ताद शिडशिडीत आणि म्हातारे, पलीकडचे आडवे आणि दाराएवढे. दोघांचेही कान पैलवानांचे असतात तसे मोडलेले. एका कोचावर दोघे दोन टोकांना बसले आणि एकमेकांकडे अजिबात बघेनात.

"मास्तर," म्हातारे वस्ताद म्हणाले, "त्यो षड्डू कुणाचा, एवढं सांगा. आमी जातो."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगावं तर बाईमाणसानं तालमीची चेष्टा केली म्हणतील, आणि आप्पांना खाली मान घालावी लागेल. खोटं सांगावं तर दोन पेठांत मारामारी. मी म्हणाले, "मला... आठवत नाही."

"मग लावा की कॅसेट," आडवे वस्ताद म्हणाले. "आमास्नी कळतंय."

तेव्हा आप्पा उठले. त्यांनी फळीवरची कॅसेट काढली, रुमालानं पुसली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातली. षड्डूचा तुकडा दुसऱ्या बाजूला होता, पण आप्पांनी पहिली बाजू सुरुवातीपासून लावली. वस्ताद चुळबुळले, तसं आप्पा म्हणाले, "ऐकायचं तर नीट ऐकू." आणि डोळे मिटले.

मी जन्मभरात अनेक श्रोते पाहिले, पण त्या दोघांसारखे नाही. मोडक्या कानांच्या त्या दोन माणसांनी तासभर कॅसेट ऐकली आणि एक आवाज त्यांच्या हातून सुटला नाही. "ही म्हस दुसऱ्या वेताची," म्हातारे म्हणाले. "धारंवरनं कळतंय." "कांडप भिजलेलं हाय," आडवे म्हणाले, "मिरची नीट वाळवल्याली न्हाय." हातोडीच्या तुकड्याला म्हाताऱ्यांनी मान डोलावली. भोंगा सकाळच्या पाळीचा की दुपारच्या यावरून दोघांचा वाद झाला, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. मी मात्र आप्पांच्या उजव्या हाताकडे बघत होते. गाणं मनाला आलं की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत सरकायचा. पहिल्या बाजूला अंगठा बराच वेळ गप्प होता. हातोडी लागली तेव्हा तो हलला.

मग दुसऱ्या बाजूला षड्डू आला. घुमणारा, जाड, बरोबर समेवर.

"आमचा न्हाय," म्हातारे वस्ताद म्हणाले. "आमची पोरं एवढी लयीत असती तर आणि काय पायजे होतं."

"आमचाबी न्हाय," आडवे म्हणाले. "पर गडी वजनदार हाय. ऐंशी किलोच्या आत न्हाय बघा."

खालच्या पट्टीवर वाजवल्यानं माझं वजन जवळजवळ दुप्पट झालं होतं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली, आणि दोन्ही लपवताना ठसका लागला.

"जरा मागं घे," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. मी टेप मागं घेतली. त्यांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं घ्यायला लावलं. मग डोळे उघडले.

"थापेच्या मागं पाणी ठिबकतंय," ते म्हणाले. "हा आमच्या न्हाणीतला नळ आहे. तीन वर्षं सांगतोय, त्याचा वायसर बदला." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कोण होतं न्हाणीत?"

"मी," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग आडवे वस्ताद म्हणाले, "मारून दावा."

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी कोचासमोर उभी राहिले, पदर खोचला, दंड आखडला आणि थाप मारली. न्हाणी नव्हती, खालची पट्टी नव्हती. टप्प, एवढंच वाजलं. शेंग फोडल्यासारखं.

आडवे वस्ताद आधी हसले. पोट धरून, कोच हलेपर्यंत. मग म्हातारेही हसले, आणि दोघांनी एकमेकांच्या मांडीवर थापा मारल्या, त्या माझ्या षड्डूपेक्षा मोठ्यानं वाजल्या. "आरं, ह्या पोरीसाठनं आमची पोरं सकाळधरनं उपाशी हुबी हाईत!" आडवे म्हणाले. म्हाताऱ्या वस्तादांनी मला जवळ बोलावलं. "हाताची वाटी करायची. बोटं मिटून. हां. आता मार." मी मारली. जरा बरी वाजली. चहा पिऊन दोघं निघाले. आप्पा त्यांना सोडायला जिना उतरून खालपर्यंत गेले आणि परत यायला त्यांना जरा वेळच लागला.

त्यांनी मला त्यावर काही म्हणजे काही म्हटलं नाही. कॅसेट परत फळीवर ठेवली. मी समजले, झालं, एवढंच आपल्या नशिबात होतं.

पुढच्या रविवारी त्यांच्या सदरात 'दूध, मिरची, भोंगा आणि इतर'चं परीक्षण आलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, की कलावंत लेखकाची मुलगी आहे, त्यामुळे स्तुती करण्याचा लेखकाला अधिकार नाही, पण दोष दाखवायला नातं आड येत नाही. आणि मग दोष. पहिली बाजू रेंगाळते. गुऱ्हाळाच्या तुकड्यात लय दोनदा डळमळली आहे. थरावर थर चढवताना खरखर वाढत गेली आहे, आणि ती खरखर म्हणजे कला नव्हे. शेवटचा तुकडा संपायला हवा होता त्यानंतर दोन मिनिटांनी संपतो. सगळं खरं होतं. एकेक दोष वाचताना मी लाल होत होते, आणि तरी आतून मला बरं वाटत होतं, कारण गवयांना सोलायचे तसंच त्यांनी मला सोललं होतं. अगदी शेवटी दोन ओळी होत्या. 'एका जाणकार वस्तादांनीही ही ध्वनिफीत ऐकली. त्यांचं मत मी केवळ नोंदवतो: या मुलीनं षड्डू मारला आहे, आणि सध्या तरी हिला गावात जोड नाही.'

मी त्या दोन ओळी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. कुस्तीच्या गावात, वस्तादाच्या तोंडून, जोड नाही! याहून मोठी दाद नसते. मी संध्याकाळी पावशेर बदाम घेतले, पैलवानांना थंडाईला लागतात म्हणून, आणि तालमीत गेले. आत जायचं नव्हतंच. पायरीशी उभी राहून निरोप पाठवला. म्हातारे वस्ताद खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"पेपरात छापून आलंय तुमचं," मी म्हणाले. "जोड नाही म्हणालात ते."

त्यांनी डोकं खाजवलं. बदामाची पुडी घेऊ की नको असं त्यांना झालेलं दिसलं.

"मी न्हाय गं तसलं काय म्हणलो. मी म्हणलो, पोरीचा हात जरा चपटा पडतोय."

"मग पलीकडचे वस्ताद?"

"त्यो तर खाली उतरूस्तवर हसतच हुता." त्यांनी टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला. "तुझा बा म्हणला. खाली, जिन्याच्या दारात. माझा हात धरून म्हणला, वस्ताद, हे तुमच्या नावावर घालतो, न्हाय म्हणू नका. माझ्या तोंडानं मला लिहिता येत न्हाय."

पुडी मी त्यांच्या हातात कोंबली आणि वळले, कारण मला रस्ता धड दिसत नव्हता. पंचवीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्याचा चहासुद्धा घेतला नाही, त्यानं माझ्यासाठी आपल्या सदरात एक खोटं छापलं होतं. मला ते कळलंय हे मी आप्पांना त्यांच्या शेवटापर्यंत सांगितलं नाही. त्यांच्या तत्त्वांचा काही नेम नव्हता. पुढच्या रविवारी त्यांनी चूक कबूल करून ते मत मागं घेतलं असतं, आणि मला ते परत द्यायचं नव्हतं.